टेस्टवरची टाकी

पायाखाली ओल लागली तेव्हा मला पहिल्यांदा वाटलं, तात्यांनीच केली. माझ्या वडिलांना आम्ही तात्या म्हणतो, आणि त्यांचं हल्ली अधूनमधून असं होऊ लागलं होतं. मी फडकं आणलं, खाली बसले, पुसायला लागले, तर वास आला शेवाळाचा. वर बघितलं. फिशटँकच्या डाव्या कोपऱ्यातून पाण्याचा थेंब काचेवरून सावकाश खाली येत होता, टेबलाच्या कडेवर जरा थांबत होता आणि पंपाच्या वायरीवरून घरंगळत थेट खालच्या एक्स्टेन्शन बोर्डाकडे निघाला होता. तात्या नेहमीसारखे काचेला कपाळ टेकून बसले होते. पाय अनवाणी, ओल्या फरशीवर.

मी जन्माची घाबरट. कुकरची शिट्टी जरा उशिरा झाली तरी स्वयंपाकघरातून बाहेर पळणारी बाई. त्या दिवशी मात्र पळाले ती मेन स्विचकडे. तो पाडला, मग तात्यांना दोन्ही काखांत धरून मागं ओढलं. ते माझ्यावर खेकसले.

"ओ बाई, सोडा. काम चाललंय माझं."

'बाई' म्हणाले. मला ते नावानं हाक मारायचे, ते थांबूनही बरेच दिवस झाले होते.

आमचं घर इंदापुरात, हायवेपासून हाकेच्या अंतरावर. पुढच्या खोलीत माझी शिलाई मशीन, फॉल-पिको आणि ब्लाउजची कामं, आणि मशीनसमोर भिंतीला लागून तो चार फुटी फिशटँक. तात्यांची सगळी नोकरी वालचंदनगरला, कंपनीत झाली. आम्ही लहानाचे मोठे तिथल्या क्वार्टरमध्येच झालो. हा फिशटँकही तिथलाच. शेजारचे एक साहेब क्वार्टर सोडून गेले, त्यांनी जाताना तो तात्यांना दिला. म्हणजे आमच्याकडे आला तेव्हाच तो वापरलेला होता. पॅकिंगच्या खोक्यांच्या फळ्यांतून तात्यांनी त्याला टेबल करून घेतलं. त्या टेबलाच्या पुढच्या फळीवर काळ्या शाईचा एक मोठा बाण आहे, वर रोखलेला. माल कुठल्या बाजूनं उभा ठेवायचा ते सांगणारा. लहानपणी मला वाटायचं, तो बाण मासे कुठं आहेत ते दाखवायला काढलाय.

आई गेल्यावर तात्या आमच्याकडे आले ते फिशटँकसकट. नंतर त्यांना विसर पडायला लागला. आधी चष्मा, मग वार, मग माणसं. आणि मग त्यांनी घराबाहेर पडायला सुरुवात केली. दुपार कलली की ते उठायचे, खिसे चाचपायचे आणि 'भोंगा झाला' म्हणत दाराकडे निघायचे. कंपनीचा भोंगा झाला, पाळी सुटली, आता घरी जायचं, एवढंच त्यांच्या डोक्यात. घरात बसून घरी जायचं म्हणणाऱ्या माणसाला काय सांगणार? एकदा तर ते हायवेच्या दुभाजकावर सापडले होते. दोन्ही बाजूंनी ट्रक, मधे कण्हेरीच्या झाडांत आमचे तात्या, पांढऱ्या पायजम्यात, गाडीची वाट बघत. त्या दिवसापासून ट्रकचा हॉर्न वाजला की मी आधी तात्यांची खुर्ची बघते, आणि आमच्याकडे हॉर्न काही थांबत नाहीत.

त्यांना धरून ठेवणारी एकच गोष्ट होती, ती म्हणजे हा फिशटँक. काचेसमोर खुर्ची टाकून दिली की ते त्यात हरवायचे. मासे बघतात असं मी धरून चालले होते. फिशटँक चालू तोवर तात्या घरात. हे गणित माझं मी मांडलं होतं आणि त्याच्या जिवावर मशीनवर बसत होते. आता तोच गळायला लागला.

माझ्या नवऱ्याचं मार्केटजवळ ठिबकच्या पाइपांचं दुकान आहे. गळती म्हटली की त्याला चेव येतो. आमच्या भागात कुठलीही गळती बाहेरून बंद करायची, ही रीत. पाइप फुटला, लेप लावा. नाहीच भागलं तर सायकलच्या ट्यूबची पट्टी ताणून गुंडाळा, वर गाठ मारा. शेतावर ते चालतं, कारण तिथं थोडं पाणी गेलं तर ते शेतालाच जातं. नवऱ्यानं तोच राखाडी लेप मळून कोपऱ्याला थापला आणि वर ट्यूब आवळली. फिशटँकला पाय मुरगळल्यासारखं बँडेज झालं.

"झालं काम," तो म्हणाला. "उगं घाबरतीस तू."

काम एक-दोन दिवस टिकलं. मग त्या लेपाच्या वरच्या अंगाला काच ओली दिसायला लागली. पाणी आतल्या आत वर चढून नवी वाट शोधत होतं. ते बघितलं आणि माझी झोप उडाली. थेंब पडतो त्याची भीती वेगळी, पुसता तरी येतो. पण एवढ्या पाण्याचा भार काचेवर रेललाय, सांधे आतून सुटत चाललेत, आणि पलीकडून एक म्हातारा माणूस त्याच काचेला कपाळ लावून बसलाय! फुटलीच तर काच कुठं जाईल हे मी रोज मनात बघत होते. मोबाइलवर फिशटँक फुटल्याचे व्हिडिओ शोधून शोधून बघितले, म्हणजे होती तेवढी अक्कलही गेली. तात्यांच्या कपाळाखाली उशी ठेवली, त्यांनी ती काढून माझ्या अंगावर फेकली. खुर्ची मागं सरकवली, त्यांनी पुढं ओढली. मशीनवर बसले तरी माझा एक कान कोपऱ्याकडे. त्या दिवसांत मी एका नव्या नवरीच्या ब्लाउजला दोन्ही बाह्या एकाच हाताच्या लावल्या.

"नवीनच आणू," मी नवऱ्याला म्हटलं.

"आतनं खरवडून परत सिलिकॉन मारू की. काच तर ठणठणीत हाय."

"अहो, फुटली तर?"

"आणि नवीन फुटणार न्हाय कशावरनं?"

मग मी भांडले. शेवटी बारामतीला जाऊन फिशटँकच्या दुकानदाराला विचारायचं ठरलं. नवरा तात्यांजवळ थांबला, मी एसटीनं गेले. कारखान्यांचा हंगाम चालू होता. निमगाव, लासुर्णे, सगळा रस्ता उसाच्या जोड ट्रॉल्यांनी भरलेला. ट्रॉली झोकांड्या खात पुढं चाललीय, ऊस दोन्ही अंगांनी बाहेर आलाय, आणि मी खिडकीत बसून विचार करतेय, या वेळी तात्या दुभाजकावर असते तर. वाटभर मला दुसरं काही सुचलं नाही.

दुकानदार सरळ बोलणारा होता. मी मोबाइलवर काढून नेलेले फोटो त्यानं मोठे करून बघितले. आधी तो लेपाचा आणि ट्यूबचा फोटो आला. तो हसला नाही, हे त्याचे उपकार.

"ताई, बाहेरनं लिंपून काय उपयोग न्हाय. पाणी आत शिरलंय," तो म्हणाला. "करायचंच तर आतली सगळी जुनी पट्टी ब्लेडनं काढायची. सगळी म्हणजे सगळी. जुन्यावर नवीन धरत न्हाय. मग माशांना चालतं तेच सिलिकॉन मारायचं. बाथरूमचं मारू नका, त्यात बुरशीचं औषध असतं, मासं मरत्यात. आठवडाभर सुकवायचं, मग भरून बघायचं."

"म्हणजे आठवडाभर रिकामा?"

"जास्तच धरा. आणि हे बघा." त्यानं बोटांनी फोटो आणखी मोठा केला. दोन काचा जिथं जोडल्या होत्या तिथं बारीक बुडबुडे दिसत होते. "हा सांधा किती धरंल, मी न्हाय सांगू शकत. टिकला तर वर्षानुवर्ष टिकंल. तुमच्या घरात म्हातारं माणूस हाय म्हणताय. मी तुमच्या जागी नवीन नेला असता."

मला तेच ऐकायचं होतं. आठवडाभर रिकाम्या पेटीसमोर तात्या बसणार नाहीत आणि बुडबुड्यांच्या भरवशावर मी झोपणार नाही. नवीन म्हणजे आज न्या, आज भरा. मी त्याच मापाचा घेतला, जाड काचेचा, वर पांढऱ्या दिव्यांची झाकणी असलेला. टेम्पोत त्याच्याशेजारी मागं बसून इंदापूरपर्यंत आले. खड्डा आला की दोन्ही हातांनी त्याला धरत होते. किती दिवसांनी मला बरं वाटत होतं.

तात्या आतल्या खोलीत झोपलेले असताना आम्ही सगळं उरकलं. मासे बादलीतून नव्यात सोडले, जुना त्याच्या टेबलासकट मागच्या अंगणात पत्र्याखाली नेऊन ठेवला. नवऱ्यानं दुकान उघडायला धूम ठोकली. तात्या उठून आले, खुर्चीत बसले आणि बसल्या बसल्या ताठ झाले.

"ही कुणाची?"

"आपलीच, तात्या. नवीन आणली. बघा, मासे तेच आहेत."

"आपली न्हाय. आपल्या पेटीला बाण हाय." त्यांनी खाली वाकून नव्या लोखंडी स्टँडकडे बघितलं, मग माझ्याकडे. "कुणाच्या क्वार्टरात बसवलंय मला?"

मी समजावत राहिले. ते गप्प झाले. गप्प झाले म्हणजे पटलं, असं समजून मी सकाळी एक बाई देऊन गेलेल्या साडीला फॉल बघायला आत गेले. मोरपंखी साडीला जुळता फॉल सापडेना. सापडला, घेऊन बाहेर आले, तर खुर्ची रिकामी. माशांच्या खाण्याचा डबा फिशटँकवर असायचा, तोही नाही. दार सताड उघडं.

त्यानंतरचं मला सलग आठवत नाही. चप्पल घातली नव्हती, हे पाय भाजल्यावर कळलं. नवऱ्याला फोन केला, तो मोटारसायकलवर सोलापूरच्या अंगाला गेला. मी हायवेच्या कडेनं धावत होते. पंक्चरवाल्याला विचारलं, चहावाल्याला विचारलं. "पांढरा पायजमा, हातात डबा," एवढंच तोंडातून निघत होतं. "बघितलं न्हाय, ताई." एकजण म्हणाला, "आत्ताच गेलं की एक म्हातारं," आणि हात केला तो रस्त्याच्या मध्याकडे.

पुढं वळणाजवळ गाड्या हळू झाल्या होत्या. एका लेनमध्ये काहीतरी पांढरं पडलं होतं. ट्रक त्याला टाळून बाजूनं जात होते. एक चाक त्यावरून गेलं आणि ते जरासं हललं. मला ओरडता आलं नाही. पाय मात्र चालत राहिले, का ते मला आजही कळत नाही, कारण मला तिथं पोचायचं नव्हतं. तिथं पोचेपर्यंत माझे वडील जिवंत होते.

ते खताचं रिकामं पोतं होतं.

मी त्या पोत्याशेजारी कडेला उभी राहून उलटी केली. मग वळले आणि एसटी स्टँडकडे चालू लागले. अक्कल अशी उशिरा येते. घरी जाणारा माणूस गाडीनंच जाणार. वालचंदनगरची गाडी लागते तिथल्या बाकावर तात्या बसले होते, मांडीवर माशांच्या खाण्याचा डबा, त्यावर दोन्ही हात. नोकरीवर जाणारा माणूस जेवणाचा डबा धरतो तसे. मी त्यांच्याशेजारी बाकावर बसले आणि रडायला लागले. आजूबाजूची माणसं बघत होती, बघू देत म्हटलं.

तात्यांनी माझ्याकडे सभ्यपणे बघितलं.

"काय झालं बाई? कुणी गेलं का तुमचं?"

"अजून नाही," मी म्हटलं.

"मंग रडायचं न्हाय. मी बी घरी निघालोय. पेटी क्वार्टरला राहिली माझी. मासं उपाशी असत्याल."

नव्या फिशटँकचा विषय तिथंच संपला. फुटेल की टिकेल याचा हिशेब मी बाकावरच सोडून दिला. तात्यांना बाणवाली पेटी पाहिजे होती आणि ती आमच्या मागच्या अंगणात पत्र्याखाली पालथी पडली होती. दुसरं काही करण्यासारखं राहिलंच नव्हतं. माझी बुडबुड्यांची भीती काही गेली नव्हती, पण पोत्याच्या भीतीपुढं ती आता लहान झाली होती.

नवऱ्यानं ब्लेडनं खरवडायला घेतलं. त्याचं कौतुक करायला पाहिजे. स्वतःचा लेप आणि ट्यूब त्यानं मुकाट्यानं काढली, आतली जुनी पट्टी नखानं सुद्धा शोधून काढली, काच स्पिरिटनं पुसली, कडेला कागदी चिकटपट्ट्या मारल्या आणि एका दमात सिलिकॉन ओढून त्यावरून बोट फिरवलं. अंगणभर व्हिनेगरचा आंबट वास सुटला. मग सुकायची वाट बघणं.

ते दिवस वाईट होते. मासे नव्या फिशटँकमध्ये स्वयंपाकघरात, पुढच्या खोलीत भिंत रिकामी, आणि तात्या पिंजऱ्यात कोंडल्यासारखे येरझाऱ्या घालतायत. मी दाराला वरच्या बाजूला कडी बसवून घेतली. दुपार कलली की ते दारावर थापा मारायचे. "सोडा. भोंगा झाला. गाडी जाईल." मी पाठ लावून दाराला उभी. आपल्याच वडिलांना कोंडून ठेवायचं आणि त्यांच्या थापा दारातून पाठीला झेलायच्या. एकदा त्यांनी मला ढकललं. जोर होता हातात. मला लागलं नाही फारसं, पण मी भेदरले. एका दुपारी मी संडासात असेन, कडी राहिली असेल, मग? हा 'मग' मी दिवसभर जपत होते. जेवताना, मशीनवर, कपडे वाळत घालताना.

आणि एवढं करून भरल्यावर पेटी गळली तर?

भरायच्या दिवशी आम्ही फिशटँक अंगणातच त्याच्या टेबलावर सरळ ठेवला, बाण वर. नवऱ्यानं नळी सोडली. मी खांबाआड उभी होते, म्हणजे लपलेच होते. पाण्याचा आवाज ऐकून तात्या आतून बाहेर आले. मी पुढं होणार एवढ्यात नवऱ्यानं हातानं खूण केली, राहू दे.

तात्यांनी फिशटँकला एक फेरी घातली. मागं हात बांधून. टेबलाच्या बाणावर तळहात ठेवला. मग म्हणाले, "निम्म्यावर थांबा."

नवऱ्यानं नळी काढली.

"एकदम भरत्यात व्हय? आधी निम्मी. बसू द्या. खडू कुठाय?"

तात्या तरातरा आत गेले आणि माझ्या मशीनवरचा कापडाला खुणा करायचा पांढरा खडू घेऊन आले. खांद्यावरच्या पंच्यानं त्यांनी बाहेरून सांधे कोरडे पुसले. मग वरपासून खालपर्यंत, एक एक सांधा धरून, खडूची जाड रेघ ओढली. हात थरथरत नव्हता. भाताचा घास तोंडापर्यंत नेताना सांडणारा हाच हात.

"ओल आली की खडू काळा पडतो," ते म्हणाले, कुणालाच उद्देशून नाही. खुर्ची ओढली, बसले. "आता कुणी हात लावायचा न्हाय. टेस्टवर हाय."

ते शब्द ऐकले आणि मला क्वार्टरमधलं आमचं स्वयंपाकघर आठवलं. तात्या रात्री जेवायला आले नाहीत की आई म्हणायची, "टाकी टेस्टवर असंल." कंपनीत मोठमोठ्या टाक्या, नळकांडी बनायची. ती पाण्यानं भरायची, दाब द्यायचा आणि सांध्यांवर नजर ठेवून बसायचं, हे त्यांचं काम होतं. टाकी टेस्टवर असताना जागा सोडायची नाही. डबा गेटवर पोचवायचा, मी कितीदा पोचवलाय. मला तो फक्त उशिरा घरी येण्याचा एक बहाणा वाटायचा. आत ते काय करत बसतात, मी कधी विचारलंच नव्हतं.

तात्या त्या दिवशी उठले नाहीत. जेवण तिथंच दिलं, सांध्यावरची नजर न काढता ते जेवले. उन्हं कलली. मी थापांची वाट बघत होते. थापा पडल्या नाहीत. दिवेलागणीला पुढच्या खोलीत गेले तर दाराची कडी उघडी, दार अर्धं लोटलेलं. दुपारी पाणी भरायच्या गडबडीत लावायची राहिली होती. माझ्या हातातली उदबत्ती गळून पडली. धावत मागं आले. तात्या खुर्चीतच होते.

"पाऊण भरा उद्या," ते म्हणाले.

मग पाऊण भरला. मग काठोकाठ. कधी किती भरायचं ते तात्या सांगायचे, नवरा दुकानात जायच्या आधी भरायचा. त्यांचा गुडघा काचेपासून वीतभर आणि मी दारात उभी. दरवेळी पाणी वर चढताना मी देवाचं नाव घेत होते. पण एक गोष्ट मला दिसत होती. तात्या काचेत बघत नव्हते, काचेच्या कडेकडे बघत होते. आत मासे नव्हते, तरी तसेच बघत होते. म्हणजे इतके महिने ते मासे बघतच नव्हते! आमचा तो फिशटँक होता. त्यांची टाकी होती, टेस्टवरची.

खडू पांढरा राहिला. एका दुपारी तात्यांनी सगळ्या रेघांवरून बोट फिरवलं, बोट नाकाशी नेऊन हुंगलं, खाली वाकून तळ बघितला. मग समोरच्या काचेवर खडूनं एक मोठी बरोबरची खूण केली.

"पास," ते म्हणाले.

मला एवढा आनंद झाला की मी टाळ्या वाजवल्या. घरात आम्ही दोघंच होतो, मी अंगणातच भांडी घासत होते, हात ओले होते. टिकला सांधा! बुडबुडे गेले खड्ड्यात. आता मासे सोडायचे, पुढच्या खोलीत नेऊन ठेवायचा, आणि सगळं पहिल्यासारखं. तोवर तात्या उठले. पंचा खांद्यावर टाकला. सदऱ्याची बटणं लावली. खिसे चाचपले.

"चला. काम झालं. भोंगा व्हईल आता."

आणि दाराकडे निघाले.

टाकी पास झाली म्हणजे त्यांची पाळी सुटली होती. हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. मी पळत जाऊन दारात उभी राहिले. चहा घ्या म्हटलं, नको म्हणाले. बसा म्हटलं, कशाला म्हणाले. आज ते ओरडत नव्हते, ढकलत नव्हते, आणि त्याचीच मला जास्त भीती वाटली. काम पुरं झालेल्या माणसाला कशानं अडवायचं?

"बाजूला व्हा, बाई," ते अगदी समजुतीनं म्हणाले आणि वर हात करून कडी काढू लागले. "टाकी पास झाली. आता कशाला थांबायचं?"

बाहेरून उसाची ट्रॉली गेली. दार हादरलं.

मी वळले आणि मागं अंगणात धावले. डाव्या कोपऱ्यात, जिथं पहिल्यांदा थेंब आला होता तिथंच, माझं ओलं बोट खडूच्या रेघेवर दाबलं. पांढऱ्यात काळा ठिपका उमटला.

"तात्या!" मी ओरडले. "हितं ओल हाय!"

कडीचा आवाज थांबला. मग त्यांच्या सपातांचा आवाज आला, हळू, परत आत येणारा. ते कोपऱ्याशी वाकले. ठिपक्याकडे कितीतरी वेळ बघितलं. त्यांना कळलं तर? आयुष्यभर ज्यांनी खऱ्या ओली पकडल्या त्यांच्यापुढं मी भांड्याच्या पाण्याचं बोट घेऊन उभी होते.

त्यांनी ठिपक्याभोवती खडूनं गोल काढला. समोरची बरोबरची खूण पंच्यानं पुसून टाकली आणि खुर्ची ओढून बसले.

फिशटँक आता पुढच्या खोलीत, जुन्या जागी आहे. मासे आत आहेत. बाण वर आहे. नव्या फिशटँकमध्ये मी पिकोच्या साड्या ठेवते, धूळ लागत नाही. जुन्याच्या चारही सांध्यांवर खडूच्या रेघा आणि गोल आहेत. बायका विचारतात, पोरं येतात का खेळायला? मी हो म्हणते. दुपार कलली आणि तात्यांचा हात खिशाकडे गेला की मी पाण्याच्या तांब्यात बोट बुडवून मशीनवरून उठते.

भीती आहेच. काचेचीही आहे. उद्या पेटी खरोखरच गळायला लागली, तर माझी ओल कुठली आणि टाकीची कुठली हे मलाच सांगता येणार नाही. आणि एखाद्या दुपारी मी उठायच्या आत ते उठले तर, ती भीती तर रोजची.

परवा मी असंच बोट लावलं आणि हाक मारली. तात्या आले, वाकले, गोल काढला. मग माझ्याकडे मान वर करून बघितलं. बऱ्याच दिवसांनी त्यांनी माझ्या तोंडाकडे नीट बघितलं.

"नजर हाय तुमची," ते म्हणाले. "कुणाच्या म्हणायच्या तुमी?"

"तुमचीच, तात्या."

त्यांनी खडू कानामागं खोचला.

"मंग असंलच," म्हणाले आणि सांध्याकडे वळले.

मी बोट पदराला पुसलं आणि मशीनवर जाऊन बसले.